अहो म्हटल्याशिवाय

धाकट्या मालकांनी घोडा विकला, ही बातमी मुक्याला ट्रॅक्टरवाल्यानं दिली. तीही जाता जाता, हौदावर पाणी भरताना.

"तुझा म्हातारा चालला म्हणे उद्या."

"कोण म्हातारा?"

"घोडा रे. दलाल येतोय सकाळी लॉरी घेऊन."

"कुठे नेणार?"

ट्रॅक्टरवाल्यानं नळ बंद केला, परत उघडला. "एवढ्या वयाचा घोडा कुठे नेतात?" असं म्हणून त्यानं मान दुसरीकडे वळवली.

मुक्यानं हातातली बादली हौदाच्या काठावर ठेवली. ती नीट बसली नाही, कलंडली, आणि त्याचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत भिजले. तो तसाच तबेल्याकडे गेला. घोडा गव्हाणीत तोंड घालून उभा होता. मुक्यानं खरारा उचलला आणि त्याचं अंग घासायला सुरुवात केली. सकाळी एकदा घासून झालं होतं. तरी घासलं.

मुका काही खरा मुका नव्हता. लढाईवरून आला तेव्हा बोलेनाच, म्हणून लोकांनी ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. शेतावरचा गडी, जनावरांची सवय, म्हणून फौजेनं त्याला बंदुकीपेक्षा खेचरांच्या कामालाच जास्त जुंपलं. जंगलातून लपतछपत शत्रूच्या मागे जायचं होतं. एक खेचर ओरडलं तरी सगळी तुकडी सापडणार. म्हणून निघण्याआधी खेचरांचा आवाज काढून टाकायचा हुकूम आला. डॉक्टरनं घशात कापायचं, गड्यांनी धरायचं. नंतर ती खेचरं मान वर करायची, छाती फुगवायची, आणि तोंडातून नुसती हवा निघायची. अशा खेचरांच्या सोबतीनं तो लढाई संपेपर्यंत चालला. माणसांनाही बोलायची मनाई होती, सगळं हाताच्या खुणांवर. घरी आल्यावर कोणी काही विचारलं की आधी त्याचा हात वर जायचा. मग आठवायचं, इथे बोललं तरी चालतं.

बायको त्या नावावरून त्याची फिरकी घ्यायची. चार बायका जमल्या की म्हणायची, "नाव मुका, आणि एक देतील तर शपथ!" बायका फिदीफिदी हसायच्या आणि हा कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल व्हायचा.

ती या हिवाळ्यात गेली. छातीत कफ झाला तो सुटलाच नाही.

घोड्याला कागदोपत्री बहाद्दर असं भारदस्त नाव होतं, थोरल्या मालकांनी ठेवलेलं. पण त्या नावाला त्यानं कधी कान हलवला नाही. तो लढाईच्या पहिल्या वर्षी शेतावर आला, ऐन उमेदीतला, अंगात मस्ती मावत नव्हती. तेव्हा शेतावरचे सगळे गडी फौजेत गेले होते, मुकाही गेला होता. थोरले मालक डोक्याला हात लावून बसले. तर मुक्याची बायको त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी धरते नांगर."

थोरले मालक हसले. मालकीणबाई हसल्या नाहीत. त्या आत गेल्या, नवऱ्याचे जुने बूट आणले आणि तिच्या पायाशी ठेवले.

पहिला दिवस फुकट गेला. गडीमाणसं घोडा हाकताना जे जे म्हणतात ते सगळं तिनं म्हणून पाहिलं. त्यातलं निम्मं बाईमाणसानं तोंडात घेण्यासारखं नव्हतं. घोडा ढिम्म. शेवटी ती नांगराच्या तासातच फतकल मारून बसली. हाताला फोड आलेले, बुटात माती गेलेली, नवऱ्याचा ठावठिकाणा नाही. तिनं डोळे मिटले आणि जिथे कुठे असेल तिथल्या नवऱ्याला म्हणाली, "अहो, आता तुम्हीच सांगा, काय करू मी?"

आणि घोडा चालू लागला.

नांगर आडवातिडवा घसटत त्याच्यामागे निघाला आणि ही ढगळ बूट सांभाळत नांगरामागे पळाली. तो शब्द घोड्याला लागू पडला तो कायमचा. अहो, वळा. अहो, थांबा जरा. अहो, दमानं घ्या, माझा हात सुटतोय. लढाई संपेपर्यंत त्या दोघांनी मिळून ती सगळी जमीन नांगरली, पेरली, माल बाजारात पोचवला.

मध्ये एकदा फौजेचे लोक घोडे जमा करायला आले होते. गावोगावचे चांगले घोडे त्यांनी नेले. इथे आले तेव्हा ती अंगणात हाताची घडी घालून उभी राहिली आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. साहेबानं लगाम ओढला, चाबूक वाजवला, हवालदारानं मागून रेटलं. घोडा जागचा हलला नाही. साहेबानं तिला विचारलं, "हा असाच आहे का?" तिनं नुसते खांदे उडवले. मालकीणबाई ओसरीवर उभ्या राहून बघत होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्याही गप्प. साहेब "निकामी जनावर" म्हणून निघून गेला आणि शेताचा घोडा शेतावर राहिला.

मुका परत आला तो नांगरटीच्या दिवसांत. बांधावर येऊन उभा राहिला तर लांबून तिचा आवाज आला, "अहो, या आता इकडे!" एवढ्या लांबून ओळखलं हिनं! तो ढेकळं तुडवत पळतच निघाला, "आलो, आलो" म्हणत. ती पाठमोरी होती. तिनं त्याला पाहिलंही नव्हतं. घोडा वळून तिच्याकडे आला, त्याच वेळी हाही पोचला. तिनं एकदा घोड्याकडे पाहिलं, एकदा याच्याकडे, आणि तिथल्या तिथे जमिनीवर बसली. आधी हसली, मग रडली. मग म्हणाली, "अहो, किती वाळलात हो!" तर दोघांनीही मान पुढे केली.

पुढे आयुष्यभर हे असंच. तिनं दारातून हाक मारली की खोलीतून हा वळायचा आणि तबेल्यातून तो. ती म्हणायची, "दोघांतला एक तरी ऐकतो, हेच माझं नशीब." कोण ते मात्र सांगायची नाही.

ती गेल्यावर घोडा तबेल्यातून बाहेर निघेना. मुक्यानं ओढून पाहिलं, दाण्यांचा तोबरा दाखवून पाहिला. कशानं निघेल ते त्याला माहीत होतं, पण जीभ रेटेना. पुरुषमाणसानं घोड्याला अहो म्हणायचं? एका दुपारी त्यानं घोड्याच्या मानेवर कपाळ टेकलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. तो म्हणाला, "अहो, गेली हो ती." घोड्यानं पाय उचलला आणि त्याला बाजूला सारत उन्हात गेला.

त्या दिवसापासून तो रोज म्हणू लागला, हळू आवाजात, तबेल्याच्या आत. खुद्द मुक्याला अहो म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. निदान तो शब्द तरी रोज त्या जागेत बोलला जायचा.

आणि उद्या सकाळी लॉरी येणार होती.

*

लॉरी आली तेव्हा मुक्यानं घोड्याला बाहेर आणून अंगणाच्या मधोमध उभं केलं होतं. तबेल्यात कोंडून दाराला आडवं पडायचं, असं काही त्याच्या मनात नव्हतं. सगळ्यांच्या देखत काय ते होऊ दे.

दलाल गुबगुबीत, हसरा माणूस होता. त्यानं घोड्याचे दात पाहिले, पोटावर थाप मारली. लॉरीची मागची फळी खाली सोडली. "चला राजे," म्हणत दावं ओढलं. घोडा उभा.

"बहाद्दर, चल!" ओसरीवरून धाकटे मालक म्हणाले. ते थोरल्या मालकांचे धाकटे चिरंजीव, लहानपणी मुक्याच्या खांद्यावर बसून शेत फिरलेले. वडील गेल्यावर शहरातून येऊन कारभार बघत होते. माणूस वाईट नव्हता. त्यांना सगळं आटोपशीर लागायचं.

घोडा उभाच.

दलालानं बादलीत दाणे आणून नाकापुढे धरले. घोड्यानं दाणे खाल्ले, सगळे खाल्ले, आणि होता तिथेच राहिला. दलालाचा माणूस मागे गेला आणि खांदा लावून रेटू लागला. घोड्यानं शेपूट बाजूला केलं आणि त्याच्या तोंडावर असा काही वारा सोडला की तो माणूस थेट हौदावर जाऊन चूळ भरू लागला. तोवर दूधवाली कॅन घेऊन आली होती, ट्रॅक्टरवाला इंजिन बंद करून बघत उभा होता. दोघंही पोट धरून हसले.

"अरे, याला काहीतरी म्हणावं लागतं," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "काकू म्हणायच्या ते."

"काय म्हणायच्या?" दलालानं विचारलं.

"अहो म्हणायच्या."

"एवढंच ना?" दलालानं घसा साफ केला. "अहो! चला!"

घोड्यानं मान वळवून त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि परत समोर बघू लागला. दलालाच्या माणसानं बाईचा आवाज काढून पाहिला, "अहोऽऽ, चला नाऽऽ." घोड्यानं कान मागे पाडले. दूधवाली म्हणाली, "असल्या बाईबरोबर कोण जाईल!"

धाकटे मालक खाली उतरले. "तू म्हण," ते दूधवालीला म्हणाले. "बाईच्या आवाजाची सवय आहे त्याला."

"मी?" दूधवालीनं कॅन खाली ठेवली. "माझा नवरा धडधाकट आहे, मालक. परक्या घोड्याला अहो म्हटलेलं कळलं तर उद्या चारा मागेल!"

परत हशा पिकला. मालकांचा चेहरा उतरला. ते मुक्याकडे वळले. मुका घोड्याच्या डाव्या अंगाला उभा होता, हाताची घडी घालून.

"काका, तुम्ही म्हणा."

मुक्यानं मान हलवली. नाही.

"काका, हट्ट करू नका. ट्रॅक्टर आला आता. घोडा काम करत नाही, नुसता खातो."

"मीही आता फारसं काम करत नाही," मुका म्हणाला. "खातो मात्र. माझी लॉरी कधी येणार आहे?"

ट्रॅक्टरवाल्याचं हसू तिथल्या तिथे विरलं. मालकांचा आवाज चढला.

"तुम्ही फौजेत होतात ना? हुकूम म्हणजे काय कळत नाही?"

"कळतो की." मुक्याचा हात सवयीनं वर गेला होता, तो त्यानं खाली घेतला. "हुकूम आला, आम्ही खेचरं धरली. एकेकाचा आवाज काढून घेतला. नंतर ती रात्रंदिवस माझ्या शेजारी चालली आणि कधी मला हाक मारू शकली नाहीत. फार चांगला कळतो मला हुकूम. म्हणून सांगतो, मी नाही म्हणणार."

एवढं लांबलचक बोलताना त्याला कोणी ऐकलं नव्हतं. दूधवालीनं तोंडावर हात ठेवला.

"ए," मालक म्हणाले. काकावरून ते एकदम ए वर आले होते. "माझ्या अंगणात उभा राहून मला शिकवतोस? म्हण मुकाट्यानं!"

"मुकाट्यानं कसं म्हणू? एक काहीतरी सांगा."

आता दलालसुद्धा हसला आणि मालकांनी त्याच्याकडे पाहिल्यावर खोकू लागला.

तेवढ्यात ओसरीचं दार वाजलं. मालकीणबाई काठी टेकत बाहेर आल्या. अलीकडे त्यांना दिसायचं कमी, पण ऐकू सगळं यायचं.

"आई," मालक म्हणाले, "बरं झालं आलीस. तू होतीस तेव्हा. तुला माहीत आहे कसं म्हणायचं. तू म्हण एकदा म्हणजे हा तमाशा संपेल."

मालकीणबाईंनी घोड्याच्या दिशेनं तोंड केलं. बाई म्हणाल्या तर घोडा चालेल, हे मुक्याला कळत होतं. त्यांचा आवाज घोड्याच्या ओळखीचा होता. त्या म्हणाल्या तर संपलं.

"तो शब्द मी तुझ्या वडिलांसाठी ठेवला होता," मालकीणबाई म्हणाल्या. "ते गेले, मी तो उचलून ठेवला. तो काढून हे जनावर खाटकाकडे पाठवू? फौजेचा साहेब चाबूक घेऊन आला होता तेव्हा मी इथेच उभी होते आणि गप्प बसले होते. तेव्हा गप्प बसले म्हणून तुला खायला मिळालं. आजही गप्पच बसते." आणि त्या ओसरीवरच्या खुर्चीत खरोखरच गप्प बसल्या.

धाकट्या मालकांच्या कानशिलाची शीर तटतटली. दलाल घड्याळ बघत होता. दूधवाली दूध द्यायचं विसरली होती. माघार घ्यावी तर सगळं गाव संध्याकाळपर्यंत तेच बोलणार, हे त्यांना दिसत होतं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "एवढा जीव आहे ना त्याच्यावर? मग घे तो घोडा. आणि तबेल्याजवळची तुझी खोली खाली कर. आत्ताच्या आत्ता. माझ्याकडे एकाच म्हाताऱ्याची सोय होते, दोघांची नाही."

मुका शरण येईल, असं त्यांना वाटलं होतं. त्या खोलीत त्याचा संसार झाला होता. तिथल्याच खाटेवर ती गेली होती. भिंतीला तिनं सारवल्यासारखा लावलेला चुना होता, एका कोपऱ्यात तिची बोटं उमटलेली. मुक्यानं खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"बरं," तो म्हणाला.

"बरं काय?"

"बरं म्हणजे बरं. करतो खाली."

तो आत गेला. सामान असं फार नव्हतं. एक गादी, दोन पातेली, तिची शाल, ते बूट. थोरल्या मालकांचे बूट तिनं शेवटपर्यंत ठेवले होते, पुढून फाटले तरी. भिंतीवरची बोटं काही नेता येण्यासारखी नव्हती. त्यानं तिथे आपला हात एकदा ठेवून पाहिला. त्याचा हात मोठा होता, बसला नाही. सामान बाहेर आणून त्यानं उंबऱ्याशी ठेवलं.

"जाणार कुठे?" ट्रॅक्टरवाल्यानं हळूच विचारलं.

"मेव्हणीकडे. तिचा धोब्याचा धंदा आहे, नदीवर. मागे पडवी आहे म्हणाली होती."

"घोड्याला काय करायला लावणार तिथे?"

"वाळलेले कपडे पोचवेल घरोघरी. ओले जड असतात. वाळलेले झेपतील."

मालकीणबाईंनी काठी आपटली. "ती जुनी घोडागाडी घेऊन जा."

"आई!"

"ती गाडी याच्या बायकोनं लढाईभर चालवली आहे. तू काय ट्रॅक्टरला बांधून फिरणार आहेस?" मालक आत गेले आणि दार लावून घेतलं. पण आडवं आलं नाही कोणी.

ट्रॅक्टरवाल्यानं गाडी ओढून आणली. दोघांनी मिळून दांड्या घोड्याच्या दोन्ही अंगांनी बसवल्या, पट्टे आवळले. दूधवालीनं सामान वर चढवलं आणि शालीखाली दुधाची भरलेली बाटली सरकवून दिली. दलाल फळी वर उचलत पुटपुटत होता, "आमची फेरी फुकट." कोणी लक्ष दिलं नाही.

आता म्हणायची वेळ आली होती. आजवर मुक्यानं तो शब्द चारचौघांत कधी उच्चारला नव्हता. सगळे त्याच्याकडे बघत होते, दाराआडून मालकही बघत असणार. त्याचे कान लाल झाले. तो घोड्याच्या तोंडाजवळ गेला नाही की आवाज खाली आणला नाही. होता तिथूनच, पार ओसरीवर ऐकू जाईल असं म्हणाला,

"अहो, चला. आपलं इथलं झालं."

घोडा चालू लागला. फाटकातून बाहेर पडताना मुक्यानं मागे पाहिलं नाही. मालकीणबाईंची काठी मात्र ऐकू आली, एकदा वाजलेली.

नदीकडचा रस्ता गावाच्या टोकाच्या गल्लीतून जातो. तिथे एक रंगारी शिडीवर चढून भिंत रंगवत होता. गाडी त्या घरासमोर आली आणि आतून बाईचा आवाज आला, "अहो, ऐकलंत का?"

घोडा खाडकन थांबला. गाडीवरची पातेली एकमेकांवर आपटली. मुका आणि घोडा, दोघांनीही मान वळवून खिडकीकडे पाहिलं.

खिडकीतली बाई गडबडली. एक म्हातारा आणि एक घोडा तिच्याकडे एकटक बघत होते. "तुम्हाला नाही हो," ती आत बसलेल्या नवऱ्याकडे बोट करत म्हणाली. "यांना म्हटलं."

"मला कळलं," मुका म्हणाला. त्यानं डोळे पुसले. "याला सांगायला हवं." तो पुढे झाला आणि घोड्याच्या मानेवर हात ठेवला. "अहो, आपल्याला नाही. आपली वेगळी होती. चला."

घोड्यानं आणखी थोडा वेळ खिडकीकडे पाहिलं, मग पाय उचलला.

शिडीवरचा रंगारी ब्रश हातात धरून हे सगळं बघत होता. त्याला हसू आवरेना. "काय हो आजोबा, घोड्याला अहो म्हणता?"

"म्हणतो," मुका म्हणाला. "तुमचं काही म्हणणं आहे?"

रंगाऱ्यानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचं काही म्हणणं नव्हतं.